मॅगझिन भरणारीचा अंगठा

"मावशीले आता मशीन लागते काय?"

असं हसत हसत विचारणारे गृहस्थ वाईट नाहीत. नेमबाजीच्या क्लबातले जुने सभासद आहेत, मुलींना बेटा म्हणतात, पाऊस लागला तर आपल्या गाडीतून बडनेरा स्टेशनपर्यंत सोडतात. त्यांचं नाव मी घेणार नाही, क्लबाचंही नाही. एका क्लबावर राग काढून हा प्रश्न मिटणारा नाही. पण त्या हसण्यापासून जे सुरू झालं त्यात माझ्या भाचीची एक निवड चाचणी गेली, आणि मला स्वतःला बरंच काही नव्यानं दिसलं, म्हणून लिहायला बसले आहे.

मी अकोल्याची. कचेरीत लिपिक आहे. भाची अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं शिकते आणि पंचवीस मीटरवरची पिस्तूल नेमबाजी करते. तिनं क्लबात जायचं म्हटलं तेव्हा बहिणीनं अट घातली, एकटी जायचं नाही, मावशी सोबत पाहिजे. मुलीच्या हातात भरलेलं पिस्तूल आहे आणि तिला राखायला पन्नाशीला आलेली, चष्मा लावणारी मावशी! यावर आम्ही दोघी पुष्कळ हसलो. पण अट ती अट. दर रविवारी पहाटेची गाडी धरायची, बडनेऱ्याला उतरायचं, ऑटोनं रेंजवर जायचं आणि मागच्या बाकावर स्वेटर विणत बसायचं, असं माझं सुरू झालं.

रिकामं बसणं आपल्या हातांना जमत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. काही आठवड्यांनी मीही सभासद झाले, काडतुसं हाताळायचे नियम शिकले, आणि मुलींना नेम धरायला जास्त वेळ मिळावा म्हणून त्यांची मॅगझिनं भरून देऊ लागले. चाळीस वर्षं डबे भरले, आता मॅगझिनं. काम तेच, दुसऱ्याच्या हातात आयतं द्यायचं. हे माझ्या लक्षात यायला बराच उशीर लागला. लक्षात आणून दिलं ते माझ्या अंगठ्यानं.

ज्यांनी पिस्तूल जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅगझिन म्हणजे काडतुसांची चपटी, उभी डबी. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर एक सरकती पट्टी. पट्टी काडतुसांना खालून वर ढकलत असते आणि डबीच्या तोंडाशी आत वळवलेले काठ, त्यांना ओठ म्हणतात, ते काडतुसांना अडवून धरतात. दरवेळी नवं काडतूस घालायचं म्हणजे स्प्रिंगला दाबून जागा करायची. पहिलं सहज जातं. जसजशी डबी भरत जाते तसतशी स्प्रिंग आवळते आणि जोर वाढत जातो. पॉइंट टू-टूच्या खेळाच्या पिस्तुलात बहुधा पट्टीला बाजूनं एक लहानसं बटण असतं. एका अंगठ्यानं ते बटण खाली ओढून धरायचं आणि दुसऱ्या हातानं काडतुसं एकेक करून सोडायची. बटण केवढं? शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान, आणि त्याच्या अंगावर खरखरीत रेघा. तो सगळा जोर अंगठ्याच्या पेरावर, नखाच्या मागे जेमतेम डाळीच्या दाण्याएवढ्या जागेवर येतो.

पंचवीस मीटरच्या सामन्यात साठ गोळ्या असतात. तीस सावकाशीच्या आणि तीस वेगाच्या, पाच-पाचच्या मालिकांत. वेगाच्या भागात निशाण तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद दूर जातं, त्या तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी. म्हणजे सामन्याला पाच-पाचची बारा मॅगझिनं. सरावाला एका मुलीनं शंभर गोळ्या मारल्या तर वीस. मी तीन मुलींची भरत होते. हिशेब तुम्हीच करा, एका सकाळी साठ मॅगझिनं, तीनशे काडतुसं. संध्याकाळी अकोल्याला परत येऊन कणीक मळायला घेतली की अंगठा सांगायचा, आज जमणार नाही बाई.

तेव्हा भाचीनं मोबाइलवर दाखवलं की यासाठी जगभर साधनं मिळतात. मोठ्या बोअरच्या पिस्तुलांसाठी इस्रायलच्या मॅगलुला कंपनीचं अपलुला नावाचं एक आहे. मॅगझिनच्या तोंडावर बसवायचं, मुठीनं दाबायचं आणि खाली रेटायचं. त्याची चोच वरच्या काडतुसाला खाली दाबते, झालेल्या जागेत नवं काडतूस टाकायचं, मूठ सैल करायची. स्प्रिंगचा जोर तेवढाच राहतो. फक्त तो अंगठ्याच्या टोकावरून उठून तळहातावर आणि दंडावर जातो. यात जादू नाही, विजेचं काही नाही. अडकित्त्यानं सुपारी फोडतो तेव्हा आपण हेच करतो.

पॉइंट टू-टूसाठी तर एवढंही लागत नाही. आमच्या अकोल्यातल्या एका लेथवाल्याकडून मी नायलॉनचा बोटभर तुकडा कोरून घेतला. त्याला एक खाच, खाचेत मॅगझिनचं बटण बसतं, आणि वर तळहात टेकायला रुंद जागा. ऐंशी रुपये घेतले त्यानं. पुढच्या रविवारी साठ मॅगझिनं भरली आणि घरी येऊन पोळ्या केल्या.

त्याच रविवारी तो प्रश्न आला. मावशीले मशीन लागते काय. मग दुसरे म्हणाले, "हाताले सवय पाह्यजे. सवय नाही तं हे काम कायले कराव?" मग तिसऱ्यांनी भाचीकडे वळून सांगितलं की मशीनची सवय लागली की हात कमजोर होतो, आणि कमजोर हात पिस्तूल काय पेलणार! पुढच्या आठवड्यात फळ्यावर सूचना लागली, रेंजवर बाहेरचं कोणतंही उपकरण आणू नये. कारण सुरक्षितता. नायलॉनच्या तुकड्यानं कोणाच्या सुरक्षिततेला धोका होता हे मी लेखी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

मैत्रिणींनो, इथपर्यंत हे एका मावशीचं गाऱ्हाणं वाटेल. पण मी थोडं वाचलं, विचारपूस केली, आणि मग माझी चीड फळ्यावरच्या सूचनेपुरती राहिली नाही.

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या जी थ्री नॉट थ्री रायफल दिसली तिच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसं बसतात. ती शिपायानं एकेक करून अंगठ्यानं भरायची नसतात. पाच-पाच काडतुसं पत्र्याच्या एका चिमट्यात बसवलेली येतात. चिमटा रायफलीच्या तोंडावर खोचायचा, एकदा दाबायचं की पाचही आत. दोन चिमटे, मॅगझिन भरलं. इंग्रज सरकारनं हा चिमटा आपल्या गोऱ्या, धिप्पाड, पगारी शिपायांना दिला तेव्हा त्यांचे हात कमजोर होतील अशी भीती कोणाला वाटली नाही.

पुढचं आणखी मासलेवाईक आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी स्टेनगन काढली. तिचं मॅगझिन बत्तीस काडतुसांचं. आत काडतुसं दोन रांगांत बसत आणि तोंडाशी एकच रांग होई, त्यामुळे नुसत्या हातानं ते भरणं महाकठीण. मग सैन्यानं काय केलं? सैनिकांना सवय करा म्हणून सांगितलं? बंदुकीबरोबर मॅगझिन भरायचं हत्यारच दिलं. समोरच्या जर्मनांच्या एमपी-४० बंदुकीचंही मॅगझिन बत्तीसाचं होतं, आणि त्यांनीही आपल्या सैनिकांना भरायचं साधन दिलं. एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन सैन्यं या एका गोष्टीवर एकमतात होती की पुरुषाचा अंगठा दुखता कामा नये.

पुरुषाचा अंगठा दुखला की दोष मॅगझिनचा असतो आणि साधन सरकारी पेटीतून येतं. बाईचा दुखला की दोष बाईचा.

आपल्या वऱ्हाडात हे कळायला बंदुकीपर्यंत जायची गरज नाही. शेतात पहा. डवरणीला बैल आहेत, डवरा आहे, आणि ती पुरुषाची. निंदण बाईचं, त्याला हातातलं खुरपं आणि मोडलेली कंबर. पेरणीला तिफण पुरुषाच्या हातात, मागून सरत्यात मुठीनं दाणे सोडत चालणारी बाई. ट्रॅक्टर आला त्यावर बसला तोही पुरुषच. कापूस वेचायचं काम मात्र अजून बाईच्या बोटांवर आहे. सुकलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडांना टोचतात, चिरा पडतात, आणि मजुरी किलोवर. तिथे कोणी म्हणत नाही की बाईचे हात नाजूक आहेत, तिला हे झेपणार नाही. वेचणीत ती काटक असते. पिस्तूल हातात घेतलं की त्याच हातांची बाई एकदम कमजोर होते.

माझी आजी पहाटे जात्यावर दळायची. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा म्हाताऱ्या पुरुषांनी काय म्हटलं ते तिच्या तोंडून मी ऐकलं आहे. बायका आळशी होतील, दळण बंद झालं की बाळंतपण जड जाईल, गिरणीच्या पिठाला चव नाही. त्यांच्यातल्या एकानंही कधी जात्याचा खुंटा धरलेला नव्हता. आज फळ्यावर सूचना लावणाऱ्यांतल्या एकानंही तीन मुलींची साठ मॅगझिनं भरलेली नाहीत. त्यांची स्वतःची क्लबाचा पोऱ्या भरून देतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

यंत्राचं कौतुक आम्हा वऱ्हाड्यांना नाही असंही नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी रस्ता एकशे पाच तास तेहेतीस मिनिटांत अंथरला आणि गिनीज बुकात नाव गेलं. केवढे फोटो, केवढे हारतुरे! मजुरांनी घमेल्यांनी डांबर टाकलं असतं तर हात मजबूत राहिले असते, असं म्हणणारा एकही भेटला नाही.

आता भाचीचं सांगते. लोडर बंद झाला. माझा अंगठा आधीच बिघडलेला, म्हणून तिनं मला बाकावर बसवलं आणि आपली व मैत्रिणींचीही मॅगझिनं तीच भरू लागली. निवड चाचणी जवळ आली होती, सराव वाढला. एका रविवारी पिस्तूल उचलताना मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी कळ आली आणि हात खाली आला. डॉक्टरीणबाईंनी अंगठा मुठीत मिटायला सांगितला आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. पोरगी किंचाळलीच. त्या दुखण्याला डी क्वेर्वेन या स्विस शल्यवैद्याचं नाव आहे, त्यानं १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठ्याच्या स्नायुबंधांवरचं आवरण सुजतं. पुरुषांपेक्षा बायकांना हे जास्त होतं, आणि तान्ह्या मुलाला वारंवार उचलणाऱ्या आयांना फार. पट्टी बांधून हात स्वस्थ ठेवायचा, एवढाच पहिला उपाय. निवड चाचणी त्या आठवड्यांत होऊन गेली.

लोडर असता तर हे झालंच नसतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ती वसतिगृहात बादलीभर कपडे पिळते, मोबाइलवर अंगठा चालवते, घरी आली की आईच्या हाताखाली राबते. पण म्हणूनच तर म्हणते! बाईचा अंगठा रेंजवर येतो तो कोरा येत नाही. आधीच घासून आलेला असतो. त्याच्यावर आणखी तीनशे दाब टाकायचे आणि मग बघा बाई टिकली नाही म्हणायचं, हा कोणता न्याय? गुरुदक्षिणेत अंगठा मागायची आपल्याकडे फार जुनी चाल आहे, तेव्हा तो एका हुशार पोराचा मागितला होता.

बाईला झेपणार नाही हे गृहीत धरून नियमच केले जातात, याची उदाहरणं या खेळात ढिगानं आहेत. दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल सामन्यांत पुरुषांना साठ गोळ्या आणि स्त्रियांना चाळीस, हा भेद आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१८ साली मोडला. तोवर वर्षानुवर्षं वीस गोळ्या कमी! उभं राहून नेम धरायला बाईला काय कमी पडतं ते कोणी दाखवून दिलं नव्हतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट हा उडत्या तबकड्यांचा सामना स्त्री-पुरुषांचा एकत्र होता. चीनच्या झांग शान हिनं सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्णपदक घेतलं, दोनशे पंचवीसपैकी दोनशे तेवीस. पुढच्या, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांचा होता. स्त्रियांचा वेगळा सामनाही नव्हता. जिनं जिंकलं तिला आपलं पदक राखायला मैदानात उतरायची सोय नव्हती. स्त्रियांचं स्कीट आलं ते २००० साली, सिडनीत.

त्याच सिडनीत आपल्या अंजली वेदपाठक, लग्नानंतरच्या अंजली भागवत, एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चँगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जाकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं, तेही याच पंचवीस मीटर पिस्तुलात, माझ्या भाचीच्या प्रकारात. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांचे फोटो आमच्या क्लबाच्या भिंतीवर लावलेले आहेत. खाली फळा, फळ्यावर सूचना.

(विदर्भाचा अनुशेष मोजायला समित्या बसतात, सिंचनाचा मोजतात, रस्त्यांचा मोजतात. पोरींच्या खेळाचा अनुशेष कोणी मोजेल तर कळेल, कोल्हापूरला जे होतं ते अमरावतीला का होत नाही. ज्या गावात वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं, ज्या गावचे खेळाडू १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले, त्या गावाला व्यायामाचं वेड कमी आहे असं तर नाही.)

सरकारला बायकांच्या हातात शस्त्र द्यायचं नाही असंही म्हणता येत नाही. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं खास स्त्रियांसाठी म्हणून निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. पॉइंट थ्री-टू बोअरचं, पाचशे ग्रॅम वजनाचं. दिल्लीतल्या त्या मुलीच्या नावाची आठवण म्हणे. किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि देताना दागिन्यांच्या डबीसारख्या मरून रंगाच्या पेटीत घालून द्यायचं! म्हणजे बाईला शस्त्र द्यायचं तर तेही दागिना करून. ते चालवायचा सराव कुठे करायचा, कोण शिकवणार, तिथे जायला बस आहे का, याचा विचार त्या पेटीत नव्हता. सव्वा लाखाची पेटी बाईसाठी चालते, ऐंशी रुपयांचा नायलॉनचा तुकडा चालत नाही. कारण पेटी बाईला शोभेची वस्तू करते आणि तुकडा तिला तरबेज करतो.

इथे आपल्याच गटातल्या मैत्रिणींचा आक्षेप मला ऐकू येतो. मागच्या बैठकीत एकीनं विचारलंच की स्त्रीमुक्तीच्या पानांत पिस्तूल कशाला? हिंसेची हत्यारं पुरुषांनी केली, त्यांच्याच हातात राहू देत. माझं म्हणणं ऐका. पिस्तूल घेऊन कोणी बाई मुक्त होत नाही हे मला मान्य आहे. घरात बंदूक असली की घरातल्या बाईलाच तिचा धाक अधिक असतो, हेही मला कळतं, आणि परवाने वाटून बायकांचं रक्षण होईल असं म्हणणाऱ्यांत मी नाही. मी खेळाबद्दल बोलते आहे, आणि नोकरीबद्दल. राज्याचं पहिलं महिला धोरण १९९४ साली आलं. सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के जागा आल्या. पोलिसात, वनखात्यात मुली आल्या. मेळघाटच्या जंगलात वनरक्षक म्हणून एकट्या गस्त घालणाऱ्या मुली आज आहेत. त्यांच्या हातात खात्याचं शस्त्र येतं तेव्हा ते कोणाच्या हाताच्या मापानं केलेलं असतं? बुटांपासून पट्ट्यापर्यंत सगळं पुरुषाच्या मापाचं, आणि त्यात ती बसली नाही तर तीच कमी. आमच्या क्लबात एकच पिस्तूल मुलींच्या वाट्याला येतं, त्याची लाकडी मूठ मोठ्या हाताची. या मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळतात. क्लबानं मोठी घेतली, कारण घेणाऱ्याचा हात मोठा होता. तिथेही मुलींनी मुठीभोवती टेप गुंडाळून भागवावं अशी अपेक्षा.

लोडरवरचे सगळेच आक्षेप पोकळ आहेत असं नाही, तेही सांगायला हवं. हातानं भरता आलंच पाहिजे, यात मला शंका नाही. तुकडा घरी विसरला, मोडला, तर सामना सोडून येणार का? माझ्या तिन्ही मुलींना मी आधी हातानंच भरायला लावलं. दुसरं, साधनानं काम भराभर होतं आणि डोळा झोपतो. पॉइंट टू-टूच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे, मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी पिस्तूल बंद पडतं. गोळीचं टोक वाकलेलं असेल तर ते काडतूस बाजूला काढायचं. हे बघत बघत भरायचं असतं, गप्पा मारत नव्हे. पण यावर उपाय शिकवणं आहे, बंदी नाही. विळीनं बोट कापतं म्हणून कोणी भाजी दातांनी तोडत नाही.

आणि खरोखर सुरक्षिततेचीच काळजी असेल तर मी क्लबाला काळजी करायला एक विषय देते. या काडतुसांची गोळी शिशाची असते, वर तांब्याचं आवरण नसतं. शंभर-दोनशे काडतुसं हाताळली की बोटांना काळसर थर येतो, तो शिशाचा अंश. तेच हात धुतल्याशिवाय डब्याला लावले तर शिसं पोटात जातं, आणि पोटुशी बाईच्या बाळाला ते सगळ्यात वाईट. रेंजवर हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी हवं. आमच्याकडे नळ पुरुषांच्या मुतारीच्या आत आहे. मुली बाटलीतलं पाणी वापरतात, आणि बाकीच्या गोष्टीसाठी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. या सुरक्षिततेबद्दल फळ्यावर मी आजवर एक ओळ वाचलेली नाही.

मी क्लबाला पुन्हा पत्र दिलं आहे. यावेळी एकटीचं नाही, सात जणींच्या सह्यांचं. मागण्या तीनच. रेंजच्या पेटीत क्लबाच्या मालकीचे दोन लोडर ठेवावेत आणि ते ज्याला हवे त्यानं वापरावेत, पुरुषांनीही. पिस्तुलाला लहान मापाची मूठ घ्यावी. बायकांसाठी वेगळा नळ आणि संडास बांधावा. सही करताना एकीची आई म्हणाली, "काऊन वं, यवढ्याशा तुकड्यासाठी येवढं भांडन?" मी म्हटलं, तुकडा यवढासा आहे तर देऊन टाकायला काय जातं?

पत्रावर मिळालेलं तोंडी उत्तर असं, की पुढच्या बैठकीत बघू. बैठकीत एकही बाई नाही.

भाचीचा हात आता बरा आहे. रविवारी पुन्हा जातो आम्ही. मॅगझिनं तिच्या तीच भरते, मी माझी. हो, मीही गोळ्या मारायला लागले आहे, अजून कार्डाच्या बाहेर जातात त्या जास्त. तुकडा माझ्या डब्याच्या पिशवीत असतो आणि मी तो सगळ्यांसमोर काढते. सूचना अजून फळ्यावर आहे. मला अडवायला मात्र अजून कोणी पुढे आलेलं नाही.

लेथवाल्याला आणखी सहा तुकडे सांगितले आहेत. आपल्यापैकी कोणाची मुलगी, सून, शेजारीण पॉइंट टू-टू पिस्तुलाचा सराव करत असेल आणि तिला हवा असेल, तर मॅगझिनच्या बटणाची रुंदी आणि ते डबीच्या बाहेर किती आलेलं आहे ते पट्टीनं मोजून त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावं. खाच त्या मापाची लागते, म्हणून नीट मोजा.